बाल्कनीतला लेथ : कामाचं काही होतं का?

खटपट्या (१२ जुलै, रात्री १०:४१)

मंडळी, फेब्रुवारीत एकाकडून सेकंडहँड मिनी लेथ (धातूचा तुकडा, म्हणजे जॉब, फिरवत ठेवून टूलने कापायचं मशीन) घेतला. सात बाय बारा इंची म्हणतात तो. बेडवर (मशीनच्या लांब पायावर) १८० मिमी स्विंग, म्हणजे मावेल तो व्यास, दोन सेंटरमध्ये ३०० मिमी लांबी, ८० मिमीचं थ्री-जॉ चक (तीन जबड्यांची पकड), वजन चाळीस किलोच्या आसपास. आधीच्या मालकाने लॉकडाउनमध्ये हौसेने घेतला, दोन भोवरे केले आणि पलंगाखाली ढकलला. मला स्वस्तात मिळाला म्हणून मी खूश. बायको तेवढी खूश नाही, कारण तो आता बाल्कनीत तुळशीशेजारी आहे.

डोक्यात कामं दोनच आहेत. एक, दुर्बिणीला कॅमेरा जोडायचा अ‍ॅडॉप्टर. दोन, मिक्सरच्या भांड्यातलं घासलेलं बुश (ज्यात शाफ्ट फिरतो ती नळी). दोन्ही विकत मिळतात, माहीत आहे. तो मुद्दा नाही.

आजची परिस्थिती अशी : २५ मिमीचा लोखंडी बार फिरवला की पृष्ठभाग नारळाच्या करवंटीसारखा येतो. पार्टिंग (फिरता बार कापून वेगळा) करायला गेलो की टूल आत खेचलं जातं, धाडकन आवाज, चक थांबतं. आणि १०० मिमी लांबीत टेलस्टॉकच्या (चकासमोरच्या आधाराच्या) टोकाला व्यास ०.१२ मिमी जास्त येतो. बरोबर आलेली ब्रेझ्ड कार्बाइडची (टोकाला कठीण तुकडा झाळलेली) लाल-निळी टूलं वापरतोय. ऑफिसातले मित्र म्हणतात खेळणं आहे, विकून टाक. टाकू?

शिरोलीकर (१२ जुलै, रात्री ११:०५)

खेळणंच आहे की राव. आमच्या शॉपात हेच काम साडेचार फुटी लेथवर जेवणाच्या सुट्टीत होतंय. जुना साडेचार फुटी बघा, बेड न घासलेला, आयुष्यभर पुरेल.

खटपट्या (१२ जुलै, रात्री ११:०९)

तिसरा मजला, दोन खोल्या. साडेचार फुटी आणला तर लेथ राहील, मी खाली पार्किंगमध्ये राहीन.

जुना टर्नर (१३ जुलै, सकाळी ६:२०)

विकू नका. मी ३४ वर्षं टर्नर होतो. आता गुडघे साथ देत नाहीत म्हणून नुसतं वाचतो, पण हे वाचून राहवलं नाही.

तुमचं मशीन खराब नाही, अर्धवट आहे. कारखान्यात फिटरने जे दोन दिवस घालवायचे असतात ते त्यावर कोणी घातलेले नाहीत. म्हणून तर स्वस्त. ते दोन दिवस आता तुमच्या खात्यावर.

टूल बदलायच्या आधी डायल गेज (बारीक हालचाल काट्यावर दाखवणारी) आणा, ०.०१ मिमीवाली, मॅग्नेटिक स्टँडसकट. स्टँड बेडवर चिकटवा, काटा टूलपोस्टला (टूल धरणाऱ्या भागाला) लावा आणि टूलपोस्ट हाताने गदागदा हलवा. मग कॅरेज (टूलपोस्टसकट बेडवर सरकणारा भाग) खालून वर उचलून बघा. काटा पाच-सात शतांश हलला तर कार्बाइड लावा नाहीतर हिरा लावा, करवंटीच येणार.

मग सगळं सुटं करा. रॉकेलने धुवा. पॅकिंगचं लालसर ग्रीस आणि त्यात अडकलेला कास्टिंगचा कचरा निघेल. स्लाइडच्या कडांवरून बोट नको, सुती चिंधी फिरवा. जिथे धागा अडकतो तिथे बर (धातूची उभी राहिलेली बारीक कड) आहे. ती बारीक ऑइलस्टोनने काढा, फाइल घेऊ नका. गिबची (स्लाइडमधली ढिलाई काढणारी) पट्टी काढून काचेवर बारीक पॉलिश पेपर ठेवून घासा, दोन्ही बाजू सपाट दिसेपर्यंत. स्क्रूंची टोकं गिबमधल्या खळग्यात नीट बसतात का ते बघा. बऱ्याचदा खळगा एकीकडे आणि स्क्रू दुसरीकडे असतो. मग स्क्रू आवळला की गिब तिरकी होते आणि माणूस म्हणतो, मशीन घट्ट तरी आहे किंवा ढिलं तरी, मधलं काही नाही.

कॅरेजच्या खाली बेडला धरून ठेवणाऱ्या दोन पट्ट्या असतात. सगळे त्यांना विसरतात. कॅरेज उचललं जातं ते त्या ढिल्या असतात म्हणून. त्यांची जुळवणी करा, कॅरेज बेडच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एकसारखं जड चाललं पाहिजे.

एवढं करा, मग बोलू. आणि हो, मशीन रबराच्या पायांवर उभं आहे का?

खटपट्या (१३ जुलै, सकाळी ८:१५)

काका, दंडवत. हो, रबराचे चार पाय आहेत. मला वाटलं आवाज कमी व्हावा म्हणून दिलेत. खालच्या मजल्यावरचे जोशी आजोबा आधीच विचारून गेलेत की पिठाची गिरणी टाकली का.

जुना टर्नर (१३ जुलै, सकाळी ८:४०)

काढा ते. १० मिमी जाडीच्या लोखंडी प्लेटवर बोल्टने बसवा, प्लेट टेबलावर. आजोबांसाठी टेबलाच्या पायांखाली रबर घाला.

१०० मिमीत टेपर (एक टोक जाड, एक बारीक) येतो ना, तर दोन कॉलरची टेस्ट घ्या. २५ मिमीचा बार चकात धरा, टेलस्टॉकचा आधार नको. दोन्ही टोकांना दहा-दहा मिमीची कॉलर ठेवा, मधला भाग दोन मिमीने खाली उतरवा. मग धारदार टूलने, दोन्ही कॉलरवर एकाच सेटिंगला, अगदी हलका कट. मायक्रोमीटरने दोन्ही मोजा. टेलस्टॉककडची कॉलर जाड आली तर त्या टोकाच्या पुढच्या पायाखाली, म्हणजे तुम्ही उभे राहता त्या बाजूला, पातळ पत्री घाला. बेडला किंचित पीळ बसतो आणि टूल जॉबकडे झुकतं. थंड पेयाच्या कॅनचा पत्रा साधारण ०.१ मिमीचा असतो, कात्रीने कापता येतो.

सावली (१३ जुलै, दुपारी १:३०)

वाखुसा (वाचनखूण साठवली). माझ्याकडे नेमका असाच पलंगाखाली आहे. पत्रीची युक्ती आवडली.

बीस्टनकर (१३ जुलै, संध्याकाळी ६:५०)

मी नॉटिंगहॅमजवळ राहतो. बीस्टन म्हणजे मायफर्ड लेथचं गाव. इथल्या जुन्या हौशी लोकांकडे अजून मायफर्डचे एमएल-सेव्हन असतात. गंमत बघा, त्याचीही सेंटर हाइट (बेडपासून मध्यापर्यंतची उंची) साडेतीन इंच, म्हणजे स्विंग सात इंच, तुमच्या मशीनएवढाच. फरक आहे तो लोखंडात. त्याचा बेड बघितला की कळतं, वजन कुठे खर्च केलंय.

म्हणून तुमच्याकडे जिथे लोखंड कमी आहे तिथे घाला. सगळ्यात कमजोर जागा म्हणजे कंपाउंड, म्हणजे टूलपोस्टच्या खालची ती छोटी तिरकी सरकणारी स्लाइड. टेपर फिरवायचा नसेल तेव्हा तिचा काही उपयोग नसतो, आणि ती असते मात्र कायम. ती काढून ठेवायची आणि तिथे त्याच उंचीचा लोखंडाचा भरीव ठोकळा बोल्टने बसवायचा. शिरोलीकरांसारख्या कुणाकडून मिलिंगवर करून घ्या, अर्ध्या तासाचं काम. माझ्या मशीनवर या एका बदलाने पार्टिंग जमायला लागलं. बेअरिंग बदलणं, मोटर बदलणं वगैरे व्हिडिओ बघून लोक सुरू करतात. ६२०६ (मूळचं बॉल बेअरिंग) काढून टेपर रोलर बेअरिंग घालणं चांगलंच आहे, पण पहिल्या वर्षी त्याच्या नादी लागू नका.

शिरोलीकर (१३ जुलै, संध्याकाळी ७:१०)

ठोकळ्याचं माप पाठवा, करून देतो. पण माझं मत बदललेलं नाही.

घड्याळवाली (१३ जुलै, रात्री ९:२५)

उशिरा आले. मी भिंतीवरची जुनी घड्याळं दुरुस्त करते, बाबांच्या युनिमॅट एसएल या छोट्या लेथवर. ऑस्ट्रियाचं, बेड म्हणजे दोन गोल दांड्या, तुमच्या सात बाय बारापेक्षा कितीतरी नाजूक. रोजचं काम त्यावर चालतं. त्यामुळे खेळणं या शब्दाचा मला जरा राग आहे.

टूलबद्दल. बरोबर आलेली ब्रेझ्ड टूलं बोथट असतात, कार्बाइडची धार मुद्दाम जाड ठेवलेली असते. ती भरपूर वेगात, भरपूर खोल कट घेऊन कापायला. तुमचं मशीन तसा कट घेऊच शकत नाही, मग ती धार कापत नाही, घासते. ८ मिमीचा चौकोनी एचएसएस (हाय स्पीड स्टील) बिट घ्या, पुण्याच्या बोहरी आळीत सहज मिळेल, आणि स्वतः ग्राइंड करा. पहिले तीन वाईट होतात, चौथा जमतो. ग्राइंडरनंतर ऑइलस्टोनवर धार लावा आणि टोकाला अगदी इवलीशी गोलाई द्या. नखावर टेकवलं तर घसरता कामा नये.

सेंटर हाइट (टूलचं टोक बारच्या बरोबर मध्याच्या उंचीला हवं) : टूलचं टोक आणि गोल बार यांच्यामध्ये सहा इंची पातळ स्टीलची पट्टी उभी धरा, टूल हळूच टेकवा. पट्टी सरळ उभी राहिली तर सेंटर बरोबर. पट्टीचं वरचं टोक तुमच्याकडे कललं तर टूल खाली आहे, पलीकडे कललं तर वर. टूलखाली पत्र्या घालून जुळवा. इथे खरंच कॅनचा पत्रा पुष्कळ कामाला येतो.

पितळेसाठी वेगळा नियम. वरचा उतार ठेवायचा नाही, टूल वरून सपाट. उतार असला की पितळ टूलला आत ओढतं. ड्रिलचंही तसंच. पितळेत ड्रिल घालण्याआधी त्याच्या कापणाऱ्या कडा ऑइलस्टोनने किंचित सपाट करा, नाहीतर ड्रिल स्क्रूसारखं आत शिरतं आणि जॉब चकात फिरतो.

कार्बाइडप्रेमी (१३ जुलै, रात्री १०:००)

ताई, थोडी असहमती. अ‍ॅल्युमिनियमसाठी ज्या पॉलिश केलेल्या, तीक्ष्ण धारेच्या इन्सर्ट (कार्बाइडच्या बदलता येणाऱ्या चकत्या) येतात त्या लोखंडावरही या छोट्या मशीनला चालतात. ग्राइंडर नसलेल्याने काय करायचं?

घड्याळवाली (१३ जुलै, रात्री १०:१२)

मान्य. धार तीक्ष्ण हवी, कशाचीही असो. टोक तुटलं की रडू नका म्हणजे झालं.

जुना टर्नर (१४ जुलै, सकाळी ६:०५)

अजून एक. लोखंड कुठलं आणताय? फॅब्रिकेशनवाल्याकडचा काळा एमएस (माइल्ड स्टील) बार चिवट असतो, त्यावर आम्हालाही चांगला फिनिश देताना घाम फुटायचा. ईएन-वन-ए किंवा फ्री-कटिंग (सहज कापला जाणारा) ब्राइट बार मागा. करवंटीचा निम्मा दोष कदाचित बारचाच असेल.

आणि वेग. एचएसएसने माइल्ड स्टीलला मिनिटाला २५-३० मीटर. २५ मिमी व्यासाला ते साधारण ३२० ते ३८० फेरे होतात. तुमची डीसी मोटर कमी फेऱ्यांत ताकद देत नाही, म्हणून गिअर लो रेंजला टाका, नुसता नॉब पिळून वेग कमी करू नका.

खटपट्या (२८ जुलै, रात्री ११:३०)

पंधरा दिवस गायब होतो, मशीन सुटं पडलं होतं.

पहिल्या दिवशी काकांची टेस्ट केली. कॅरेज उचललं की काटा ०.०९ हलायचा. पुढच्या पट्टीखाली कोणीतरी पत्री घातली होती, चुकीच्या बाजूने. गिबच्या तीन स्क्रूंपैकी मधला हवेतच होता. रॉकेलचा वास घरभर. घरी सध्या माझ्याशी बोलणं लेखी स्वरूपात चालू आहे.

आता कॅरेज उचलून ०.०१. रबराचे पाय गेले, प्लेट आली. नुसत्या प्लेटने टेपर ०.१२ वरून ०.०४ वर आला, पुढच्या पायाखाली कॅनच्या पत्र्याचा एक तुकडा घातला तर ०.०१ च्याही आत. तो तुकडा केवढा, तर नखाएवढा. शिरोलीकरांचा ठोकळा कुरियरने आला, त्यावर मार्करने "खेळण्याचा भाग" असं लिहिलेलं होतं. पुसलेलं नाही.

पार्टिंग जमलं! ठोकळ्यावर, चकाच्या अगदी जवळ, ब्लेड जेमतेम गरजेएवढं बाहेर, कॅरेज लॉक करून, तेलाचे थेंब सोडत, न थांबता. थांबलो की ब्लेड घासतं आणि मग चावतं. लोखंडात १६ मिमीपर्यंत ठीक. त्यापुढे हॅक्सॉ.

घड्याळवाली (२९ जुलै, सकाळी ७:५०)

अ‍ॅडॉप्टर?

खटपट्या (२ ऑगस्ट, रात्री १२:१०)

ताई, दुसरा जमला. पहिला कचऱ्यात. सविस्तर लिहितो, कुणाच्या तरी उपयोगी पडेल.

वस्तू अशी : एका बाजूला सव्वा इंची नळी, म्हणजे ३१.७५ मिमी, जी आयपीसच्या जागी दुर्बिणीत बसते. दुसऱ्या बाजूला एम-४२ गुणिले ०.७५ चे आटे (४२ मिमी व्यास, ०.७५ मिमी पिच, म्हणजे दोन आट्यांतलं अंतर), ज्यावर कॅमेऱ्याची टी-रिंग (लेन्सच्या जागी लागणारं कडं) बसते. मधून आरपार २७ मिमीचं भोक.

४५ मिमीचा अ‍ॅल्युमिनियम बार हॅक्सॉने कापला, तीस मिनिटं, हात भरून आला. ८० मिमीच्या चकात सरळ जॉ एवढा बार धरत नाहीत, उलटे जॉ लावावे लागले. फेसिंग केलं (टोक सपाट), सेंटर ड्रिल, मग १० चं ड्रिल, मग १३ चं, आणि पुढे बोअरिंग बार (भोक मोठं करणारं टूल). बोअरिंगला अ‍ॅल्युमिनियम टूलच्या टोकाला चिकटतं, रॉकेलचा ब्रश मारत राहिलो की कीस सुटा पडतो.

पहिला इथे गेला : नळी ३१.७५ ला आणायची होती, मोजली तर ३२.१५. म्हणजे ०.४० काढायचे. मी डायलवर ०.४० फिरवलं. माझ्या क्रॉस स्लाइडचा (टूल आत-बाहेर सरकवणाऱ्या भागाचा) डायल टूल किती पुढे गेलं ते दाखवतो, व्यास त्याच्या दुप्पट कमी होतो. नळी ३१.३५ झाली. दुर्बिणीत घातली तर घंटेच्या लोलकासारखी हलत होती. आता डायलवर चिकटपट्टी लावून लिहून ठेवलंय, "दुप्पट!!"

आटे. माझा लीडस्क्रू (कॅरेज सरकवणारा लांब स्क्रू) १.५ मिमी पिचचा. ०.७५ म्हणजे बरोबर निम्मा, गिअर १:२ लावले. लीडस्क्रूचा पिच आट्याच्या पिचच्या पूर्ण पटीत असल्यामुळे हाफ-नट (कॅरेजला लीडस्क्रूशी जोडणारा नट) कुठेही सोडा, कुठेही लावा, आटा जुळतोच. (एक मिमी पिच करायचा असता तर हे चाललं नसतं, नट न सोडता स्पिंडल (चक फिरवणारा दांडा) उलटं फिरवून मागे यावं लागलं असतं.) अडचण वेगळीच होती. आटे फक्त ४ मिमी लांब, पुढे खांदा. सगळ्यात कमी वेगातही मोटर बंद करेपर्यंत टूल खांद्यावर आपटणार. म्हणून मोटरला हातच लावला नाही, प्लगच काढला. स्पिंडलच्या मागच्या २० मिमीच्या भोकात आवळून बसेल असा एक लाकडी हँडल केला आणि हाताने फिरवला. एका पासला सहा-सात फेरे. दर पासला ०.०५ आत, ०.४६ खोलीला जवळपास दहा पास. खांद्याजवळ आधी एक बारीक खोबण कापून ठेवली होती, टूल तिथे येऊन मोकळं होतं. कॅमेऱ्याची टी-रिंग हाच माझा गेज. नवव्या पासला अर्धी गेली, दहाव्यानंतर शेवटपर्यंत, डळमळ न होता. रात्रीचे पावणेबारा. मोटर बंद असल्यामुळे जोशी आजोबांना पत्ताही नाही.

बीस्टनकर (२ ऑगस्ट, पहाटे ४:२०)

हाताने आटे! शाब्बास. फोटो टाका.

तुळजाईसुत (२ ऑगस्ट, सकाळी १०:०२)

थोडं सावधगिरीचं. माझ्या अशाच मशीनचं कंट्रोल बोर्ड जळलं, कारण बारीक कीस मागच्या डब्यात गेला. बोर्ड असलेल्या डब्याच्या फटींवर टेप किंवा जाळी लावा. अर्थिंग खरंच आहे का ते टेस्टरने नाही, इलेक्ट्रिशियनकडून बघा, धातूच्या मशीनवर ओले हात असतात. चकची किल्ली चकात ठेवून एकदाही हात काढू नका. हातमोजे, अंगठी, लांब बाही, गळ्यातलं काहीही नको. पॉलिश पेपर फिरत्या जॉबला बोटांभोवती गुंडाळून लावायचा नाही. हे मी बोटाला टाके पडल्यावर लिहितोय.

खटपट्या (२ ऑगस्ट, सकाळी १०:३०)

डब्यावर जाळी आजच लावतो. काका, आता मिक्सरचं बुश. कुठला धातू?

जुना टर्नर (३ ऑगस्ट, सकाळी ६:१५)

गनमेटल. पितळ नको, लवकर घासतं. आधी भांड्यातला शाफ्ट मायक्रोने तीन ठिकाणी मोजा. शाफ्टच झिजला असेल तर नव्या बुशने काही होणार नाही. शाफ्ट ८ चा निघाला तर ७.८ चं ड्रिल आणि मग ८ चा रीमर (भोक अचूक मापाला आणणारं टूल), सावकाश, उलटा कधी फिरवायचा नाही. नुसत्या ड्रिलच्या भोकाला बुश म्हणत नाहीत. बाहेरचा व्यास आणि भोक एकाच पकडीत करा, जॉब मध्येच चकातून काढला तर तुमचं थ्री-जॉ तो परत तिथेच धरणार नाही, आउट मारेल (मध्य सोडून फिरेल).

खटपट्या (१० ऑगस्ट, रात्री ९:४५)

भांडं चालू. शेंगदाण्याचं कूट झालं. घरातलं बोलणं पूर्ववत.

शिरोलीकर (१० ऑगस्ट, रात्री १०:२०)

अभिनंदन. आता एक काम होतं. आईच्या देव्हाऱ्याच्या पितळी बिजागऱ्यांच्या पिना झिजल्यात. ३ मिमी व्यास, एका टोकाला ५ चं डोकं, बारा नग. आमच्या साडेचार फुटीवर चक ३ मिमीचं धरत नाही, आणि धरलं तरी ५०० फेऱ्यांत पितळ कापत नाही, वाकतं. तुमच्यावर अडीच हजार फेरे आहेत म्हणे.

खटपट्या (१० ऑगस्ट, रात्री १०:२४)

खेळण्यावर होतील की. मापं पाठवा. पैसे नकोत, शॉपातले ईएन-एट पोलादाचे भंगार तुकडे द्या, २० ते ३० मिमीचे.

शिरोलीकर (१० ऑगस्ट, रात्री १०:२७)

पोतंभर पडलेत. किती मजले चढवायचे म्हणालात?